तिथीची पाऊणपट

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षकाच्या आयुष्यातील गमतीचे आणि गहिवराचे प्रसंग या विषयावर मी आज चार शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीने मजला आज्ञा केली. चार शब्द म्हणजे नेमके किती, हे मात्र समितीने कळविले नाही. तास संपल्याची घंटा होऊन गेली तरी ज्याचे वाक्य संपत नाही, अशा जातीचा मी मनुष्य आहे. तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांपैकी कोणी जांभई दिली, तर मी तीच घंटा समजेन आणि खाली बसेन.

आपल्या वसईतून पुष्कळ माणसे शिक्षकी पेशात गेली. त्यांतील मी एक सामान्य. पण माझ्या वाट्याला जे गाव आले, ते सामान्य नव्हते. १९९२ च्या जून महिन्यात, भर पावसात, एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईने दिलेली जपमाळ घेऊन मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास हरिहरेश्वर येथे उतरलो. पनवेल, माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन असा एस.टी.चा प्रवास करीत मी तेथे पोहोचलो, तेव्हा पेटीतील सदरे व माझ्या अंगावरील सदरा यांत ओलेपणाच्या दृष्टीने काही भेद उरला नव्हता. त्या परिसरातील एका लहानशा शाळेत पाचवी ते सातवी या वर्गांना गणित आणि भूगोल शिकविण्याचे काम मजकडे आले.

आपल्यापैकी ज्यांनी ते गाव पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करितो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या. सावित्री नदी तेथे समुद्रास मिळते. खाडीच्या पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. देवस्थान फार प्रसिद्ध. लोक त्यास दक्षिण काशी म्हणतात. जवळच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले, आणि हरिहरेश्वर हे त्या पेशव्यांचे कुलदैवत. अशा क्षेत्राच्या गावी मी किरिस्ताव मास्तर जाऊन पडलो. माझ्या पोर्तुगीज वळणाच्या आडनावाचा मुलांनी पहिल्याच आठवड्यात एक मराठी अवतार केला. तो मी येथे सांगत नाही, कारण समोर माझी नातवंडे बसलेली आहेत.

ज्या आजीबाईंच्या पडवीत मी बिऱ्हाड केले, त्यांना प्रथम मोठी चिंता पडली होती. "गुरुजी, तुम्हाला आमचे मोदक चालतात का?" असे त्यांनी फार संकोचाने विचारले. "किती आहेत, त्यावर अवलंबून आहे," असे मी उत्तर दिले. तेथून पुढे आमच्यामध्ये धर्माचा प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही.

आता मुलांकडे वळतो. मी नवा, माझ्यापाशी पुस्तकी विद्येचा भरणा मोठा. पहिल्या महिन्यात भूगोलाच्या तासाला मी ऐटीत विचारले, "सावित्री नदी कोठे उगम पावते आणि कोठे संपते?" महाबळेश्वरच्या पाच नद्यांपैकी ती एक, आणि ती अरबी समुद्रास मिळते, एवढे उत्तर मला हवे होते. एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, महाबळेश्वरला उगम पावते आणि आमच्या आजीच्या माडाखाली संपते." वर्ग हसला नाही. मी एकटाच हसलो. संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिले, तो खरोखरच खाडीच्या तोंडाशी एक वाडी, वाडीच्या कडेस एक वाकलेला माड, आणि त्याच्या मुळाशी नदीचे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळत आहे! पुस्तकातले उत्तर चुकीचे नव्हते. मुलीचे अधिक बरोबर होते, इतकेच.

दुसरा प्रसंग रजेच्या अर्जाचा. 'मी आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकत नाही' असा अर्जाचा नमुना मी फळ्यावर लिहून दिला होता. आठ दिवसांनी एका कोळ्याच्या मुलाचा अर्ज आला. "आमची होडी आजारी असल्यामुळे मी दोन दिवस शाळेत येऊ शकत नाही. तिच्या अंगाला तेल लावायचे आहे. तरी रजा मिळावी ही विनंती. आपला आज्ञाधारक." व्याकरणाच्या दृष्टीने अर्जात एकही चूक नव्हती. मी रजा मंजूर केली आणि खाली लिहिले, "होडीस लवकर आराम पडो." तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला व गंभीरपणे म्हणाला, "आता बरी आहे."

या मुलास आपण लक्षात ठेवावे. त्याचे नाव मी सांगत नाही. तो आता कर्ता-सवरता गृहस्थ झालेला आहे. माझे सर्व भाषण खरे म्हणजे त्याच्याचविषयी आहे.

तिसरा प्रसंग तपासणीचा. वरिष्ठ कार्यालयातून एक साहेब शाळा तपासावयास आले. साहेब म्हणजे फार सज्जन मनुष्य. मुलांना भीती वाटू नये म्हणून त्यांनी अगदी सोपा प्रश्न विचारला, "सूर्य कोठे मावळतो?" सातवीचा सगळा वर्ग स्तब्ध! मला घाम फुटला. सातवीच्या मुलांना सूर्य कोठे मावळतो हे ठाऊक नाही, असा शेरा पडला तर माझी नोकरी काय राहील? अखेर तोच होडीवाला मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि त्याने उलट विचारले, "साहेब, पावसाळ्याच्या तोंडी की थंडीत?" साहेब चकित झाले. मुलगा सांगू लागला की, थंडीत सूर्य बाणकोटच्या बाजूस सरकून पाण्यात बुडतो, आणि ज्येष्ठ लागता लागता तो इकडे उत्तरेस सरकतो. साहेबांनी क्षणभर विचार केला, मग आपल्या वहीत काहीतरी लिहिले आणि हसत म्हणाले, "बस खाली. मी मुंबईकडचा. आमच्याकडे तो इमारतीमागे मावळतो."

मंडळी, ही गंमत मी घरी येऊन कित्येकांना सांगितली आणि लोक पोट धरून हसले. पण त्यांतून मी स्वतः काही शिकलो होतो काय? मुळीच नाही. ज्या मुलाने सूर्याची चाल सांगितली, त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्या सहामाहीस मी तांबड्या पेन्सिलीने असा शेरा लिहिला होता: "गणितात ढ. लक्ष नाही."

ढ या अक्षराविषयी दोन शब्द बोलतो. आपल्या देवनागरीतील बहुतेक अक्षरे ब्राह्मी लिपीपासून पुष्कळ बदलत आली. ढ मात्र त्या प्राचीन काळी जसा होता, जवळजवळ तसाच आजही आहे. म्हणून ज्याच्यात काही बदल होत नाही, त्या विद्यार्थ्यास ढ म्हणतात, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, मुलाच्या माथी तो ढ एकदा मारला की तो मात्र सहसा बदलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या वेळी प्रत्येक वर्गात दोन-चार ढ असत. ते मागच्या बाकावर बसत, आणि त्यांना तेथे बसविणारे आम्हीच असू.

या मुलाचे अपूर्णांक काही केल्या सुधारत नव्हते. तीन चतुर्थांश गुणिले तीन, हे उदाहरण फळ्यावर घातले की त्याची मान खाली जाई. अंशाखाली रेघ, रेघेखाली छेद, हे सर्व त्यास एखाद्या परक्या मुलखासारखे दिसत असावे. मी त्यास ओरडलो, उभे केले, एकदा कानही धरला. त्या कानाची मला आजही लाज वाटते.

मग १९९८ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी सातवीच्या वर्गास घेऊन डोंगराच्या प्रदक्षिणेच्या वाटेने भूगोलाची सहल काढली. ही वाट मोठी अद्भुत आहे. देवळापासून डोंगर चढून जावे लागते. मग कातळाच्या दोन भिंतींमधील अरुंद खिंडीतून पायऱ्या एकदम समुद्राकडे उतरतात. खाली लाटांनी कोरलेला खडक आहे. त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आहेत. त्या खडकावरून डोंगराला वळसा घालून परत गावात यावयाचे. भूगोलाच्या शिक्षकास यापेक्षा उत्तम फळा कोठे मिळेल? परंतु ही वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरतीच्या वेळी तेथे पाणी खडकावर चढते, आणि त्या पाण्याने आजवर अनेकांचे प्राण घेतलेले आहेत.

सकाळी साडेआठच्या सुमारास मी समुद्र पाहिला. पाणी दूर गेलेले, खडक कोरडा. माझे समाधान झाले. आधी देवळाच्या आवारात मुलांचे दर्शन होऊ द्यावे, मग तिळगूळ व चिवडा खाऊ द्यावा, आणि मग आरामात निघावे, असा मी बेत केला. तेव्हा तो मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, जायचे तर आत्ता जाऊ या. आज तीज आहे." मी म्हणालो, "तीज असो की चौथ. तू आधी अपूर्णांक पाठ कर." सर्व मुले हसली. तो गप्प बसला.

आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. खिंडीच्या पायऱ्या उतरताना तो मुलगा कसा कोण जाणे सर्वांच्या पुढे गेला, आणि निम्म्या पायऱ्या उतरल्यावर मधोमध बसला. वाट इतकी अरुंद की एक जण बसला म्हणजे पस्तीस जण थांबतात. मी मागून ओरडलो, "ऊठ!" तो उठेना. मी माणसे सारीत खाली गेलो आणि त्याचा दंड धरला. तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "गुरुजी, मारा पाहिजे तर. पण सव्वादोनची भरती आहे, आणि उधाणाचे दिवस आहेत. मी नाही उठणार."

मी त्यास आणखी काही बोलणार, इतक्यात खाली धडाड असा आवाज झाला. पायऱ्या जेथे संपतात, त्या पुढच्या खडकावर एक लाट फुटली. तिचे पाणी कोपऱ्यापर्यंत चढले आणि फेस ओढीत परत गेले. आणखी थोडक्याच वेळात आमची पुढची मुले बरोबर त्या कोपऱ्यावर पोहोचली असती.

त्यानंतर मी काय केले, ते सांगतो. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. माझे गुडघे थरथरत होते, हे खरे कारण. पण मुलांना वाटले, गुरुजी आता येथेच धडा घेणार. आणि मंडळी, धडा झाला. फक्त शिक्षक बदलला होता.

मी विचारले, "सव्वादोनची भरती हे तुला कसे कळले?" तो म्हणाला, "तिथीची पाऊणपट, गुरुजी." ही रीत आपल्या कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. आपल्या पाचूबंदरच्या कोळी बांधवांना ती पाठ असेल. आपण वाडीची माणसे. आपली विद्या केळी आणि पानवेल यांपलीकडे फारशी जात नाही, म्हणून सांगतो. जी तिथी असेल, तिचा आकडा घ्यावा आणि पाऊणकीने गुणावा. जे येईल, ती भरतीची वेळ. चतुर्थीस तीन वाजता, षष्ठीस साडेचार, अष्टमीस सहा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तीज म्हणजे तीन पाऊण सव्वादोन. म्हणून सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी सर्वांत खाली गेले होते, आणि मी ज्या कोरड्या खडकास पाहून खूष झालो, तो त्या क्षणापासून भिजावयास लागला होता. पौर्णिमा होऊन अवघे तीन दिवस झाले होते, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस!

मी म्हणालो, "मग पौर्णिमेस पंधरा पाऊण सव्वाअकरा?" त्याने मान हलविली. "पौर्णिमेकडे थोडे पुढे धरायचे, गुरुजी. बारा." मी रात्री बसून हिशेब केला. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, आणि पाऊणकीची रीत पंचेचाळीसच धरते. म्हणजे पंधरवड्याच्या अखेरीस ती रीत तासाभराने मागे पडावयाची. ते मागे पडणे त्या बारा वर्षांच्या मुलास ठाऊक होते, आणि ते त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

पायरीवर बसल्याबसल्या मी त्यास आणखी एक प्रश्न विचारला. "तीन चतुर्थांश गुणिले तीन किती?" तो गप्प. मग विचारले, "तीन पाऊण?" "सव्वादोन!" असे तो ताडकन म्हणाला. "अरे, ते दोन्ही एकच आहे." त्याने माझ्याकडे असे पाहिले की, जणू काही मी दोन वर्षे ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवली होती. आणि खरोखरच लपवून ठेविली होती.

आम्ही आल्या वाटेने वर गेलो. देवळापाशी पोहोचल्यावर मी सर्व वर्गादेखत त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने चड्डीच्या खिशात हात घातला आणि गोळ्याचे तुकडे झालेला, रेती लागलेला तिळगूळ माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला." आजवर मी पुष्कळ प्रवचने ऐकली, पण इतके नेमके प्रवचन मी दुसरे ऐकले नाही. रेतीसकट खाल्ला.

त्या संध्याकाळी मला पलीकडच्या तीरावरील एका थोर पुरुषाची आठवण झाली. खाडीच्या दक्षिणेस, दापोली तालुक्यात, मुरूड नावाचे गाव आहे. तेथे धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. १८७५ मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेला. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याची लहानखुरी चण पाहिली आणि याचे वय भरत नाही असे ठरवून त्यास परत पाठविले. तोच मुलगा पुढे स्त्रियांच्या शिक्षणाचा महर्षी झाला, १९५८ मध्ये भारतरत्न झाला, आणि त्याचे वय असे भरले की त्याने शंभरी ओलांडली. परीक्षकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त डोळ्यांनी पाहिले आणि शेरा मारला. मीही तेच केले होते.

शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून १९५० मध्ये पोपमहाशयांनी ज्यांना घोषित केले, ते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या काळी मुलांना वाचन प्रथम लॅटिनमधून शिकवीत. या संताने ती रूढी मोडून मुलांना त्यांच्या मायबोलीतून वाचावयास लाविले. मजपुढे बसलेल्या मुलाची मायबोली मराठी होती, आणि मी त्यास मराठीतूनच शिकवीत होतो. तरीही माझे तीन चतुर्थांश त्यास लॅटिन वाटत होते. पाऊण म्हटले असते, तर ते त्याच्या घरचे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्याचे प्रगतिपुस्तक मागविले. लिहिलेला शेरा खोडावयाचा नाही, असा शाळेचा दंडक. म्हणून त्या तांबड्या शेऱ्याखाली मी निळ्या शाईने लिहिले: "वरील शेरा रद्द समजावा." मुख्याध्यापक सही करताना थबकले. "असा शेरा कोणत्या नियमाने लिहिला?" त्यांनी विचारले. "तिथीच्या पाऊणपटीने," मी म्हणालो. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी सही केली. तेही कोकणातलेच होते.

त्या वर्षीच्या नाताळची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सुट्टी जोडून न मिळाल्यामुळे त्या साली मला घरी येता आले नाही. मिस्सेसाठी जाण्याजोगे देऊळ जवळपास नव्हते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी पडवीत एकटा बसलो होतो. आमच्याकडे या दिवशी दारावर तारा लावतात, असे मी वर्गात कधीतरी बोलून गेलो होतो. तो मुलगा सातवी होऊन श्रीवर्धनच्या शाळेत जाऊ लागला होता. अंधार पडता पडता तो व दोघे-तिघे आले. त्यांनी दिवाळीतला आकाशकंदील आणला होता. त्याला नवे कागद चिकटवून पाच टोके काढली होती. एक टोक वाकडे झाले होते. पडवीच्या वाशाला तो टांगून त्याने विचारले, "गुरुजी, तुमच्या ताऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला करायचे?" मी म्हणालो, "पूर्वेला." आजीबाईंनी त्या रात्री नारळाच्या वड्या केल्या. रात्री बारा वाजता मी एकट्याने उपासना केली, पण एकटा होतो असे म्हणवत नाही.

२००३ मध्ये माझी बदली झाली, २०१७ मध्ये निवृत्त झालो आणि आपल्या वाडीत परतलो. मग आले २०२० साल. मार्चपासून शाळा बंद, देवळे बंद, माणसे घरांत कोंडलेली. त्यातच ३ जून रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा सुटला होता. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मी येथे बसून कित्येक दिवस दूरध्वनी लावीत होतो, पण तिकडच्या तारा व खांब सर्व जमीनदोस्त झालेले. एके दिवशी अखेर त्याचाच दूरध्वनी आला.

"गुरुजी, सगळे जिवंत आहोत," हे त्याचे पहिले वाक्य. मग म्हणाला, "त्या दिवशी बारस होती. बारा पाऊण नऊ. थोडे पुढे धरा, पावणेदहा. वादळ दुपारी आले, तेव्हा पाणी उतरत होते. भरतीला आले असते, तर घर राहिले नसते. पत्रे गेले, होडी उलटली. सुपाऱ्या गेल्या." थोडा वेळ थांबून म्हणाला, "सगळ्या गेल्या."

पोफळ लावली म्हणजे तिला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. आजोबाने लावायची आणि नातवाने पाडायची, अशी ती झाडे. मला काय बोलावे सुचेना. शिक्षक मनुष्य, आणि शब्द सापडेना. मग त्यानेच मला धीर दिला.

२०२३ च्या जानेवारीत मी त्यास भेटावयास गेलो. घरावर नवे पत्रे आले होते, होडी दुरुस्त होऊन पाण्यात गेली होती. वाडीत गुडघ्याएवढी पोफळीची रोपे रांगेने उभी होती. त्याची धाकटी मुलगी, दुसरीत जाणारी, मला पाहून दाराआड लपली. चहा झाल्यावर त्याने आतून एक पिशवी आणली. वादळात भिजलेले, मग उन्हात वाळविलेले, फुगून वेडेवाकडे झालेले एक पुस्तक त्याने माझ्या हाती दिले. ते त्याचे सातवीचे प्रगतिपुस्तक होते. इतकी वर्षे त्याने ते जपले होते.

मी ते पान उघडले. बंधुभगिनींनो, पावसाच्या पाण्याने माझी निळी शाई पार धुऊन नेली होती. तेथे नुसता एक फिकट डाग उरला होता. तांबडी पेन्सिल मात्र जशीच्या तशी होती! "गणितात ढ. लक्ष नाही." एकही अक्षर पुसले गेले नव्हते.

मी मान खाली घातली. तो मात्र हसत होता. म्हणाला, "गुरुजी, मुलगी आता अक्षरे लावून वाचते. परवा तिने हे वाचले आणि मला विचारले, 'बाबा, ढ म्हणजे काय?' तेवढा शेरा पुन्हा रद्द करून द्या."

मी पेन काढले, मग परत खिशात ठेविले. मुलीस जवळ बोलाविले आणि तिच्या दप्तरात तांबडी पेन्सिल आहे का, असे विचारले. होती. तिच्या देखत, पूर्वीच्याच जागी, त्याच रंगाने मी पुन्हा लिहिले: "वरील शेरा रद्द समजावा." खाली सही केली आणि तारीख घातली. मुलीने ते मोठ्याने वाचून पाहिले. 'समजावा' या शब्दाशी ती थोडी अडखळली. मग मी तिला विचारले, "तीन पाऊण किती?" तिने बापाकडे पाहिले आणि म्हणाली, "सव्वादोन. पण आज तीज नाहीय."

एवढेच मला सांगावयाचे होते. कठोर शब्द आपण कोणत्या पेन्सिलीने लिहितो, याचा आपण विचार करीत नाही. तो पाण्यानेही जात नाही, आणि प्रेमाचा शब्द मात्र आपण धुऊन जाणाऱ्या शाईने लिहितो. आज या मंडपात शिक्षक आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या भगिनी आहेत, आईबाप तर सर्वच आहेत. आपल्या मागच्या बाकावर कोणी बसले असेल, तर घरी गेल्यावर त्याच्याविषयीचा आपला शेरा एकदा काढून वाचावा. रद्द करावयाचा असल्यास उशीर करू नये. पंचवीस वर्षे थांबण्याइतकी सवड प्रत्येकास मिळतेच असे नाही.

पुढच्या रांगेत एक जांभई आलेली मी पाहिली आहे. घंटा झाली.